सुरुंगाचे तेल, छातीचे औषध

लातूर-नांदेडकडे बऱ्याच भागांत विहीर खोदायला घेतली की माती आणि मुरूम लवकर संपतात व काळा पाषाण लागतो. तिथे पहार चालत नाही. सुरुंग लावावा लागतो. सुरुंगाच्या कांड्यांना गावोगावी ‘जिलेटिन’ म्हणतात. हे नाव आले ते आल्फ्रेड नोबेल यांच्या संशोधनातून.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. १८४७ मध्ये इटलीतील अस्कानियो सोब्रेरो यांनी ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन हे तेलकट द्रव्य बनवले होते. ते जिभेला लागले तरी डोके ठणकायचे आणि जरासा धक्का बसला तरी स्फोट व्हायचा. या द्रव्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून क्षणात त्याचा तापलेला वायू होऊन खडक फुटतो.

नोबेल यांनी या द्रव्याचा कारखाना काढला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी तिथे स्फोट झाला आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ एमिल व इतर काही जण ठार झाले. शहराच्या हद्दीत हे काम करण्यास मनाई झाली. नोबेल यांनी सरोवरातील एका तराफ्यावर प्रयोग पुढे चालू ठेवले. हे तेल एका सच्छिद्र मातीत मुरवले तर धक्क्याने सहसा फुटत नाही, असे त्यांना आढळले. १८६७ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. तेच डायनामाइट. १८७५ मध्ये त्यांनी जेलीसारखे घट्ट ‘ब्लास्टिंग जिलेटिन’ तयार केले.

अपघात वाढले तसे कायदेही आले. ब्रिटनने १८६९ मध्ये नायट्रोग्लिसरीनसाठी वेगळा कायदा केला. भारतात १८८४ चा स्फोटके कायदा आजही लागू आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. परवान्याशिवाय स्फोटके बाळगता येत नाहीत आणि डिटोनेटर कांड्यांबरोबर एकत्र साठवता येत नाहीत. नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर आपल्याकडे २००४ पासून बंदी आहे. आजच्या कांड्यांत प्रामुख्याने अमोनियम नायट्रेट असते, जुने नाव मात्र टिकून आहे. शेतात न फुटलेली कांडी किंवा वायर जोडलेली नळी दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

कारखान्यातील कामगारांचे डोके दुखायचे, कारण या द्रव्याने रक्तवाहिन्या रुंदावतात. याच गुणाचा उपयोग करून लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये छातीत दुखण्यावर त्याचा अगदी अल्प मात्रेत वापर केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे नोबेल यांनाच हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीन लिहून दिले. त्याला ‘ट्रायनायट्रिन’ असे वेगळे नाव दिलेले होते, म्हणजे औषध घेणारा घाबरू नये. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने नोबेल यांचे निधन झाले.

हे औषध नेमके कसे काम करते, याचे उत्तर पुढे मिळाले. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले. जिभेखाली ठेवायची ही गोळी फुटत नाही, कारण तिच्यात औषध अत्यल्प असते. पण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि बसून घ्यावी. छातीतले दुखणे थांबले नाही तर लगेच रुग्णालय गाठावे.