विश्लेषण : भाषणांमुळे फुटलेला देश सांधता येतो का? अब्राहम लिंकन यांनी काय केले?

मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रामुळे अब्राहम लिंकन मराठी घराघरांत पोहोचले. ते पत्र त्यांनीच लिहिले याचा पुरावा मात्र सापडत नाही. त्यांची भाषणे मात्र नोंदींत आहेत आणि ती ऐन यादवी युद्धात केलेली आहेत.

लिंकन घडले कसे?
१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत, ओंडक्यांच्या झोपडीवजा घरात त्यांचा जन्म झाला. शाळेत ते सगळे मिळून वर्षभरही गेले नाहीत. स्वतः वाचून ते वकील झाले. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लस यांच्याशी गुलामगिरीवर त्यांचे सात जाहीर वाद झाले. ती जागा हुकली, पण नाव देशभर झाले.

देश का फुटला?
१८६० मध्ये लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरीच्या विस्ताराला त्यांचा विरोध होता. त्यामुळे शपथविधीपूर्वीच दक्षिणेतील सात राज्ये बाहेर पडली. ४ मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात त्यांनी फुटीला बेकायदा ठरवले. त्याच वेळी, जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, अशी हमीही दिली. सहकारी विल्यम सीवर्ड यांच्या सूचनेवरून त्यांनी शेवट मवाळ केला. उपयोग झाला नाही. १२ एप्रिलला फोर्ट समटरवर तोफा धडाडल्या आणि फुटीर राज्ये ११ झाली.

गेटिसबर्गला काय घडले?
जुलै १८६३ मध्ये तीन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५० हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. १९ नोव्हेंबरला तिथल्या दफनभूमीच्या कार्यक्रमात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. लिंकन यांनी अवघ्या २७० शब्दांच्या आसपास आटोपले. त्यात शत्रूला शिव्याशाप नव्हते, विजयाचा डंका नव्हता. समतेच्या पायावर उभे राहिलेले लोकांचे राज्य टिकते की नाही, याची ही परीक्षा आहे, असा अर्थ त्यांनी युद्धाला दिला. त्याच वर्षी १ जानेवारीला बंडखोर भागांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली होती. त्यामुळे त्या शब्दांमागे कृती होती.

जिंकत असताना काय बोलले?
४ मार्च १८६५ रोजी, दुसऱ्या शपथविधीवेळी, विजय समोर दिसत होता. तरीही लिंकन यांनी गुलामगिरीचे पाप एकट्या दक्षिणेच्या माथी मारले नाही. ते साऱ्या देशाचे मानले आणि सूड न घेता जखमा बांधण्याचे आवाहन केले.

किंमत काय मोजली?
११ एप्रिलच्या भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार देण्याची बाजू घेतली. गर्दीत जॉन विल्क्स बूथ होता. १४ एप्रिलला त्याने गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन यांचा मृत्यू झाला.

मग भाषणांनी काय साधले?
युद्ध टळले नाही. देश सैन्याच्या बळावर एक राहिला. पण लिंकन यांनी दक्षिणेतील लोकांना कधीही परके ठरवले नाही. त्यामुळे हरलेल्यांसाठी परतीचा दरवाजा उघडा राहिला. कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळायला मात्र पुढची शंभर वर्षे लागली.