जात्याच्या घरघरीतली जनी

लिहायला शांतता लागते, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की लेखक म्हटला की दार लावून घेतलेली खोली आणि रात्रीचा दिवा डोळ्यांपुढे येतो. मराठीतली दोन मोठी पुस्तकं तर तुरुंगात लिहिली गेली. टिळकांनी मंडालेला १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढलं आणि साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’. सरकारने कोंडलं आणि नकळत घरादाराच्या गजबजाटातून सोडवलंही. पण आमच्या परभणी जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी एक बाई होऊन गेली. तिच्या वाट्याला दार लावून घ्यायची खोली आली नाही, हाताला लेखणी आली नाही आणि शांतता तर नाहीच नाही. तरी तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. गंगाखेडची जनाबाई.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर. तिथे जनाबाईचं मंदिर आहे. बापाचं नाव दमा, आईचं करुंड. दोघंही विठ्ठलाची भक्त, शूद्र मानल्या गेलेल्या जातीतली, हाताला काम आणि पायाला वारी एवढीच त्यांची मिळकत. पोर लहान असतानाच पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी आली. बापाने आणून सोडली असं कुणी सांगतं, तर वारीला आलेली पोर परत जायला तयारच झाली नाही असं कुणी सांगतं. मला पहिलं जास्त खरं वाटतं. गरिबाच्या घरी एक तोंड कमी झालं की बाकीच्यांचं भागतं, हे दुष्काळी भागात शाखा सांभाळलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दामाशेटींच्या घरी १२७० साली नामदेव जन्मले. जनी वयाने त्यांच्याहून मोठी असावी, असं परंपरा मानते. नामदेवांचं मूळ गाव नरसी म्हणतात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. मालक आणि मोलकरीण दोघंही एकाच मुलखाची, एवढी फुशारकी आम्ही मारून घेतो. घर मोठं होतं. दामाशेटी, गोणाई, नामदेवांची बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, त्यांच्या बायका, लिंबाई नावाची मुलगी. जनीला धरून पंधरा माणसं मोजतात आणि सगळी अभंग रचणारी!

आता मी जरा हिशेब करतो. जुनी सवय आहे. पंधरा माणसांना, पोरंबाळं धरून, दिवसाला सहा किलो जवारीचं पीठ तरी लागणारच. माझी आई तासाला दोन किलो दळायची, तेही जात्याला नुकतीच टाकी लावलेली असली तर. म्हणजे रोज तीन तास दळण. त्यावर कांडण, पाणी, सडा-सारवण, शेण्या थापणं आणि नदीवर धुणं. दिवस उजाडला की घर उठलं आणि घर उठलं की जनीला हाका सुरू. तिचे म्हणून जे काही तास होते ते कोंबडा आरवायच्या आधीचे. त्या तासांतही हात खुंट्यावरच.

या तीन तासांत जातं घरघरत असणार. शांतता नव्हतीच. आणि मला जे सांगायचं आहे ते इथेच. त्या आवाजामुळे जनीचं रचणं थांबलं नाही, उलट त्या आवाजाने तिला जागा करून दिली.

ज्यांनी जातं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जात्याच्या आवाजाला लय असते, पण शब्द नसतात. खुंटा पुढे जातो, वळतो, परत येतो. मध्ये एक हात घास टाकतो तेव्हा क्षणभर आवाज मऊ होतो. मोठ्या अभंगाच्या चरणांची अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. शेवटचा तुकडा आखूड. हा आखूड तुकडा आणि घास टाकायचा थांबा यांचं काही नातं असेल, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे. हा छंद जनीने शोधला नाही, तो तिच्या आधीचा. पण ज्या बाईचा दंड रोज तीन तास त्या फेऱ्यात फिरतो, तिला मात्रा मोजायला बोटं लागत नाहीत.

हल्लीच्या संशोधकांनीही याच्या जवळपास जाणारं काही पाहिलं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका पत्रिकेत छापून आलेल्या प्रयोगांत सत्तर डेसिबलच्या आसपासच्या आवाजात लोकांना कल्पक उत्तरं जास्त सुचली. अगदी शांत जागेत कमी सुचली आणि पंच्याऐंशीला तर बिघडलंच. दुसरी एक गोष्ट मानसशास्त्रात केव्हाच सिद्ध झालेली आहे: डोक्यात काही धरून ठेवायचं असेल तर यंत्राच्या एकसुरी घरघरीपेक्षा माणसाचं बोलणं जास्त आड येतं.

हे मला प्रयोगाविना पटतं, कारण मी राहतो देवगाव फाट्यावर. फाटा म्हणजे मुळात गाव नव्हे, वळण. मंठ्याकडून येणारा रस्ता इथे जिंतूरकडे आणि सेलूकडे फुटतो. प्रत्येक ट्रक इथे गिअर बदलतो. नोकरीत असताना नोटा मोजायच्या यंत्राच्या फरफरीत आकडे जुळवले, आता ट्रकच्या घुर्रघुर्रीत कादंबऱ्या लिहितो. इथे कसं सुचतं, असं पाहुणे विचारतात. इंजिनाचा आवाज मला पाच मिनिटांनंतर ऐकूही येत नाही. पण टपरीवर कुणी मोबाइलवर भांडायला लागला की वाक्य मोडलंच! आणि हॉर्न तर कुणाच्याच कामाचा नाही.

जनीचा आवाज असा दुसऱ्याने अंगावर टाकलेला नव्हता, तिच्याच दंडातून निघत होता. ती थांबली की तो थांबणार. आणि त्याचा आणखी एक उपयोग होता, जो लेखनाच्या खोल्यांचं कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पंधरा माणसांच्या घरात बाईने मनातलं बोलायचं कुठे? माडीवर सासरा, ओसरीवर नवरा, चुलीशी जाऊ. जात्याच्या घरघरीत मात्र ती काय पुटपुटते ते भिंतीपलीकडे कळत नाही. आपल्या आज्यांनी सासूची गाऱ्हाणी, माहेरची आठवण, मेलेल्या लेकराचं दुःख जात्याशीच सांगितलं ते काही केवळ वेळ जावा म्हणून नाही. तो आवाज त्यांचा पडदा होता. त्यांना दार लावून घ्यायची खोली त्यानेच दिली.

जनीच्या अभंगांचं धाडस या पडद्याआड ठेवून वाचा. ती विठ्ठलाला चोर ठरवून त्याच्या गळ्यात दोरी अडकवते आणि काळजाच्या कोठडीत डांबते. त्याला सरळ शिव्या देते. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी फिकीर न करता भर बाजारातून जाईन म्हणते. परक्या घरी भाकरी खाणाऱ्या दासीने हे दिवसाढवळ्या ओसरीवर म्हटलं असतं तर कुणी ऐकून घेतलं असतं?

जातं खरं दोघींचं. समोरासमोर बसून एका खुंट्यावर दोघींचे हात असले की ते हलकं जातं. सासू-सून, नणंद-भावजय, जावाजावा अशा जोड्या बसायच्या. दासीच्या समोर कोण बसणार? जनीच्या समोरची जागा रिकामी होती. विठ्ठल येऊन जनीसंगे दळू लागला, ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली गोष्ट मला त्या रिकाम्या जागेतून आलेली वाटते. तो तिचं धुणं धुतो, शेण्या वेचतो, केस विंचरतो. ही सगळी कामं नीट पाहा. दुसऱ्या बाईने जी करावीत तीच आहेत.

तिच्याविषयीच्या कथा कमी नाहीत. देवाचं पदक हरवलं, ते जनीच्या झोपडीत सापडलं, चोरीच्या आळाने तिला सुळाकडे नेलं आणि सुळाचं पाणी झालं, ही एक. चोरीचा संशय आधी मोलकरणीवर जातो, हे मात्र त्या कथेत अगदी आजच्यासारखं आहे. दुसरी कीर्तनात हमखास येते. कबीर जनीला भेटायला आले तर ती शेण्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत होती. शेण्या कुणाच्या हे ठरवायचं कसं? जनी म्हणाली, कानाला लावा, ज्यातून विठ्ठलाचं नाव येईल त्या माझ्या. तारखा पाहिल्या तर कबीर पंधराव्या शतकातले, जनी चौदाव्या, तेव्हा भेट जमत नाही. तरी ही गोष्ट रचणाऱ्याला जनीची नस सापडलेली होती. तिचं काम आणि तिचा शब्द वेगळे काढता येत नाहीत, हे त्याने शेणाच्या गोवरीत दाखवलं.

मग हे लिहून कुणी ठेवलं? ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा उतरवून घ्यायला सच्चिदानंद बाबा होते. जनीच्या नावावरच्या एका अभंगात कुणाचा लेखक कोण याची यादीच आहे. निवृत्तीचं सोपानाने लिहिलं, सावता माळ्याचं काशिबा गुरवाने, चोखोबाचं अनंतभटाने. शेवटी स्वतःची पाळी येते तेव्हा ती सांगते की आपला लेखनिक पांडुरंग. भाविकाला यात भाग्य दिसतं. मला त्यात असंही दिसतं की त्या यादीत दासीसाठी लेखणी घेऊन बसणारा माणूस मिळाला नाही. शब्द डोक्यात धरायचे आणि उद्या पहाटे त्याच फेऱ्यावर पुन्हा म्हणून पाहायचे, एवढीच तिची वही.

नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. जनी पंढरपुरातच राहिली. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांबरोबर तिनेही समाधी घेतली असं परंपरा सांगते. स्वतःला ती अखेरपर्यंत नामयाची दासीच म्हणवत आली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून एक जातं दाखवतात.

आमच्याकडे पिठाची गिरणी आली आणि आईचं दळण सुटलं. दंड वाचले, याचा मला आनंदच झाला. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पायली जवारी दळून दाखवावी. पण पुढे एकदा तिला ओव्या सांग म्हणालो, तर खुर्चीत बसून तिला एकही धड आठवेना. जातं मांडून दिलं, मूठभर जवारी दिली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला ओव्या यायला लागल्या त्या थांबेनात.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा ओव्या गोळा करवल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत रामसीता आहेत, भाऊ आहे, पाऊस आहे आणि जनी तर पुन्हा पुन्हा येते. तिथे ती संत म्हणून नुसती हात जोडण्याची मूर्ती नाही. ती दळते आहे, समोर विठ्ठल बसला आहे आणि गाणारी बाई दोघांकडे पाहत आपला खुंटा फिरवते आहे.