चाकणचा किल्लेदार

दिवाळी जवळ आली, की पिंपरी, चिंचवड, चाकण या भागांत मुलांची किल्ला करण्याची लगबग सुरू होते. दगडविटा रचून त्यांवर गोणपाट पसरतात व चिखल लिंपतात. तटांवरून गेरूचा हात फिरतो. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली जाते. मग पेटीत वर्षभर जपून ठेवलेली मातीची चित्रे बाहेर निघतात. कोणी मावळ्याचा फिकट झालेला अंगरखा नव्याने रंगवितो, तर कोणी बारीक कुंचल्याने त्याच्या मिशा काढतो. दूर जपानातही ५ मे रोजी घरोघरी सामुराई वीरांच्या बाहुल्या व छोटी शिरस्त्राणे मांडतात. पराक्रमी पूर्वजांना वीतभर करून घरात आणावे, ही हौस सर्व देशांत सारखीच दिसते.

मुले बहुधा डोंगरी किल्ले करतात. सपाट जमिनीवरील भुईकोट क्वचितच कोणी करतो. चाकणचा संग्रामदुर्ग हा असाच एक भुईकोट होय. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्याजवळ त्याचे काही अवशेष आजही दिसतात. भोवती मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत. हा किल्ला जर तुम्ही अंगणात उभारला, तर त्याच्या दरवाज्यावर एक चित्र अवश्य ठेवावयास हवे. ते म्हणजे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांचे.

शिवराय स्वराज्याची उभारणी करू लागले, तेव्हा चाकणचा किल्ला फिरंगोजींच्या ताब्यात होता. इ. स. १६४७ च्या सुमारास ते किल्ल्यासह शिवरायांना येऊन मिळाले. शिवरायांनी त्यांची पारख केली, त्यांना किल्लेदार म्हणून तेथेच ठेवले आणि आसपासच्या गावांचा वसूलही त्यांच्याकडे सोपविला.

इ. स. १६६० मध्ये औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान प्रचंड फौज घेऊन पुण्यास आला. अहमदनगरकडून येणारी रसद निर्वेध यावी, म्हणून चाकण हाती असणे त्यास आवश्यक होते. २१ जून रोजी त्याने किल्ल्यास वेढा घातला. ही लढाई चित्रांनी मांडावयाची, तर तटाच्या आत मूठभर मावळे उभे करावे लागतील आणि बाहेरच्या फौजेला सारे अंगण अपुरे पडेल. किल्ल्यात अवघी तीन-चारशे माणसे होती. चढण्यास अवघड असा कडा नव्हता, की लपण्यास रान नव्हते. तट, खंदक आणि माणसांची छाती, एवढाच काय तो आधार!

मदतीची आशाही फारशी नव्हती. त्याच सुमारास शिवराय पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. १३ जुलैच्या अंधाऱ्या, पावसाळी रात्री ते तेथून निसटून विशाळगडाकडे गेले. फिरंगोजींनी ही परिस्थिती ओळखली. शत्रूचा एकेक दिवस येथे खर्ची पडावा, म्हणून ते लढत राहिले. पाऊस कोसळत होता, मोर्चांत चिखल होत होता, आणि तटावरून गोळ्यांचा मारा चालू होता.

तोफांनी काम होत नाही, हे पाहून मोगलांनी जमिनीखालून भुयार खणण्यास आरंभ केला. ते ईशान्येकडील बुरुजाखाली नेले व दारूने भरले. १४ ऑगस्ट रोजी दुपारी सुरुंग उडाला. बुरूज आणि त्यावरील माणसे आकाशात उडाली. खिंडारातून मोगल आत घुसले; पण पुढे पाहतात तो मातीचा नवा बांध! त्याच्या आडून मावळे पेटते बाण व दगड यांचा वर्षाव करीत होते. त्या दिवशी शत्रूस तेथेच थोपून राहावे लागले.

दुसऱ्या दिवशी मोगल तटावर चढले. मावळे बालेकिल्ल्यात हटले. आता लढणे म्हणजे उरलेल्यांचे प्राण व्यर्थ घालविणे होते. फिरंगोजींनी राव भाऊसिंगाच्या मध्यस्थीने किल्ला खाली केला आणि आपली माणसे वाचविली. वेढ्यात मोगलांची २६८ माणसे ठार व ६०० जखमी झाली होती. एका लहानशा भुईकोटासाठी त्यांचे सुमारे ५६ दिवस खर्ची पडले होते.

शाएस्तेखान फिरंगोजींच्या शौर्यावर प्रसन्न झाला. त्याने त्यांना बादशाही चाकरी देऊ केली. फिरंगोजींनी ती नाकारली व ते शिवरायांकडे परतले. किल्ला गमावून आलेल्या किल्लेदारास धनी काय म्हणेल, याची धाकधूक कोणासही वाटली असती. परंतु शिवरायांनी त्यांचा गौरव केला आणि पुढे भूपाळगडासारखा महत्त्वाचा किल्ला त्यांच्या हाती दिला.

मुलांनो, येत्या दिवाळीत एखादा भुईकोट करून पाहा. त्याचा ईशान्येकडील बुरूज मुद्दाम ढासळलेला ठेवा. त्यामागे मातीचा एक बांध घाला आणि बांधामागे फिरंगोजींना उभे करा. किल्ला पाहावयास आलेला पाहुणा बुरूज मोडल्याचे कारण विचारील. त्यास ही हकीकत सांगा.