दीड दिवसाच्या शाळेचा शाहीर

सीमाभागातील मराठी माणसाने ज्यांचे ऋण विसरू नये, अशा शाहिरांत अण्णाभाऊ साठे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. बेळगाव, कारवार आणि निपाणी ही नावे त्यांनी आपल्या छक्कडीत गुंफून मुंबईच्या कामगारांच्या कानी घातली. ती छक्कड आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. परंतु ती रचणारा माणूस कोणत्या परिस्थितीतून वर आला आणि त्याने वगाला कोणते वळण दिले, हे मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजातील भाऊराव आणि वालूबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. घरी अठराविश्वे दारिद्र्य, त्यातच अस्पृश्यतेचा शाप. मुलगा शाळेत गेला तो जेमतेम दीड दिवस. वर्गातली वागणूक आणि मास्तरांचा मार सोसवेना, म्हणून त्याने पाटी ठेवली ती कायमची.

१९३१ च्या सुमारास पोट भरण्यासाठी हे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. सव्वादोनशे मैलांची ती वाट त्यांनी मजुरी करीत, मिळेल ते खात, पायीच तुडवली. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, पडेल ते काम केले आणि पुढे गिरणीत लागले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचून. सभा, मोर्चे आणि कामगार वस्तीतल्या चर्चा हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत लाभली आणि आपल्या दारिद्र्याचे कारण नशीब नव्हे, ही समज पक्की झाली.

मधल्या काळात गावी परतल्यावर चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले. ढोलकीचा ठेका, सोंगाड्याची हजरजबाबी आणि प्रेक्षकांची नाडी हे सारे त्यांना तिथे कळले. १९४३ मध्ये लिहिलेल्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव झाले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीचे अमर शेख, गवाणकर आणि वाटेगावचे अण्णाभाऊ! जात, धर्म आणि मुलूख वेगवेगळे, पण भाषा एक आणि प्रश्नही एकच.

या कलापथकासाठी अण्णाभाऊंनी छोटे छोटे वग लिहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई', 'मूक मिरवणूक' ही त्यांतील काही नावे. या वगांना ना पडदा लागे, ना नाट्यगृह. चाळीचे पटांगण, गिरणीसमोरचे मैदान किंवा गावचा पार पुरेसा असे. जुन्या तमाशातला गण गणपतीला वाहिलेला. अण्णाभाऊंच्या गणात वंदन होऊ लागले ते मायभूमीला, शिवरायांना आणि राबणाऱ्या माणसांना. गौळणीला त्यांनी फाटा दिला. राजाराणीच्या कथेऐवजी सावकार, पुढारी, काळाबाजारवाला आणि त्यांना पुरून उरणारा गरीब माणूस रंगमंचावर आला. प्रेक्षक पोट धरून हसत, आणि घरी जाताना विचारात पडत.

त्यांच्या वगांतला नायक सोसतो, पण रडत बसत नाही. फसवला जातो, पण अक्कल शिकून पुन्हा उभा राहतो. ही जिद्द अण्णाभाऊंनी पुस्तकातून उचललेली नव्हती. वाटेगाव ते मुंबई या पायवाटेवर ती त्यांच्या अंगी मुरलेली होती.

सत्तेला हे रुचले नाही. तत्कालीन मुंबई राज्याच्या सरकारने लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशा या शब्दालाच हीन लेखले जात होते. अण्णाभाऊंनी त्याच कलेला लोकनाट्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. नाव बदलले तरी ढोलकी तीच राहिली आणि बोलीही तीच राहिली.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाभागात मराठी माणसांचे रक्त सांडले. तो दिवस आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. त्या धामधुमीच्या काळात अण्णाभाऊंची मैनेची छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी गावी राहिलेल्या आपल्या कारभारणीच्या आठवणीने व्याकूळ होतो, एवढीच तिची सुरुवात. पण शेवटाकडे ही ताटातूट त्या एकट्याची राहत नाही. जशी त्याची मैना दुरावली, तसेच बेळगाव, कारवार, निपाणी आणि गोवा मराठी मुलखापासून दुरावलेले आहेत, असे शाहीर सांगतो. नकाशावरच्या रेषेचे दुःख त्यांनी संसारातल्या विरहाच्या भाषेत मांडले, म्हणून ते अडाण्यालाही कळले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई मिळाली. आपला भाग मात्र १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या राज्यात गेला होता, तिथेच राहिला. छक्कडीतली मैना गावावरच राहिली!

अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची 'फकिरा' डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला. एवढा मान मिळूनही घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी त्यांना अनेक वर्षे सुटली नाही. अखेरचे दिवस हलाखीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आत, त्यांची प्राणज्योत मालवली. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

या चरित्रातून सीमावासीयांनी काय घ्यावे? आपल्या गावची मराठी कानडी शब्दांच्या सोबतीने वाढलेली आहे. शहरात गेल्यावर ती बोलायला संकोचणारी मुले आजही दिसतात. शुद्ध-अशुद्धाच्या धाकाने ती गप्प बसतात. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णाभाऊंनी मात्र आपल्या बोलीची लाज कधी धरली नाही. वारणाकाठची रांगडी भाषा त्यांनी जशीच्या तशी रंगमंचावर उभी केली आणि मराठीने ती डोक्यावर घेतली. भाषा कागदोपत्री टिकवायची लढाई चालूच राहील. पण ती माणसांच्या तोंडी टिकली नाही, तर कागद काय कामाचे?

१ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या प्रतिमेला हार घालण्याचा कार्यक्रम गावोगाव होतो. त्या संध्याकाळी गावच्या पोरांनी चावडीपुढे एखादा वग आपल्याच बोलीत उभा करावा. पडदा नको, भाड्याचे सामान नको. एक ढोलकी आणि सांगण्यासारखी आपली गोष्ट, एवढे पुरे आहे. त्या लोकशाहिराला यापेक्षा वेगळी आदरांजली आवडली नसती.