श्रीसमर्थ रामदासस्वामी : बलोपासनेचे प्रवर्तक

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावात प्रवेश करताना वेशीवर किंवा पारावर शेंदूरचर्चित मारुतीचे दर्शन होते आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या सान्निध्यातच गावची तालीम असते. आखाड्याच्या लाल मातीत उतरण्यापूर्वी मल्ल प्रथम मारुतीस वंदन करतो. देवाचे ठाणे आणि बळाचे स्थान यांचे हे साहचर्य मराठी मनास इतके परिचयाचे झाले आहे की, त्यामागील विचाराचे सहसा स्मरण होत नाही. हा विचार ज्यांनी गावोगावी रुजविला, त्या श्रीसमर्थ रामदासस्वामींचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व बालपण

मराठवाड्यातील जांब या गावी (हल्लीचा जालना जिल्हा) शके १५३०, चैत्र शुद्ध नवमी, म्हणजेच सन १६०८ च्या रामनवमीच्या दिवशी समर्थांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नारायण. वडील सूर्याजीपंत ठोसर व मातोश्री राणूबाई. घराण्यात सूर्योपासना व रामोपासना परंपरेने चालत आलेली होती. नारायण लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी विवाहप्रसंगी मंगलाष्टकांतील सावधानतेचा शब्द कानी पडताच त्यांनी बोहल्यावरून प्रयाण केले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

टाकळीची तपश्चर्या

तेथून ते नाशिक पंचवटीस आले आणि नजीकच्या टाकळी येथे, गोदावरी व नंदिनी यांच्या संगमाजवळ राहिले. सन १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे त्यांची तपश्चर्या येथे घडली. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून रामनामाचा जप, नंतर पंचवटीत माधुकरी, दुपारी ग्रंथवाचन व श्रवण असा त्यांचा दिनक्रम होता. त्याबरोबरच ते नित्य सूर्यनमस्कार घालीत, आणि परंपरेत त्यांची संख्या बाराशे सांगितली जाते. जप आणि व्यायाम ही त्यांच्यासाठी दोन निरनिराळी कामे नव्हती. देह हा देवाच्या कार्यासाठी मिळालेला असल्याने तो सुदृढ राखणे हाही उपासनेचाच भाग, ही त्यांची धारणा याच काळात दृढ झाली. टाकळी येथील गोमयाच्या मारुतीची मूर्ती त्यांनी स्थापिली, असे सांगितले जाते.

तीर्थाटन व देशस्थिती

यापुढील बारा वर्षे समर्थांनी भारतभर तीर्थयात्रा केली. ते निघाले तो काळ मोठा दारुण होता. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडून गावेच्या गावे ओस पडली होती. त्यातच निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या सैन्यांच्या वावरामुळे रयतेस आसरा उरला नव्हता. अन्नाविना देशोधडीस लागलेली कुटुंबे आणि भंगलेली देवस्थाने समर्थांनी स्वतः पाहिली. अस्मानी व सुलतानी अशा दोन्ही संकटांचे वर्णन त्यांच्या रचनांत आढळते. उत्तरेकडील प्रवासात शिखांचे सहावे गुरू श्रीहरगोविंद यांच्याशी त्यांची भेट झाल्याची परंपरा आहे. विरक्त पुरुषाने शस्त्र धारण करावे काय, हा प्रश्न त्या भेटीत निघाल्याचे सांगतात. समर्थांच्या मनातही हाच प्रश्न घोळत असावा, हे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसून येते.

कृष्णाखोऱ्यातील अकरा मारुती

सन १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले. हा मुलूख त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. कऱ्हाडनजीक शहापूर येथे त्याच वर्षी त्यांनी पहिल्या मारुतीची स्थापना केली. तेथील कुलकर्ण्यांवर आलेले सरकारी संकट समर्थांनी निवारिले, अशी त्यामागील कथा आहे. पुढील वर्षी मसूर येथे आणि त्यानंतर चाफळ (दोन), उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, बहे, मनपाडळे, पारगाव व बत्तीस शिराळा येथे मारुतीची स्थापना होऊन सन १६५४ पर्यंत अकरा ठाणी पूर्ण झाली. यांपैकी सात सातारा जिल्ह्यात आणि सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत प्रत्येकी दोन आहेत.

या मूर्तींचे वैशिष्ट्य भाविकांनी आवर्जून पाहावे. शहापूर व मसूरच्या मूर्ती चुन्याच्या आहेत. उंब्रजची मूर्ती चुना, वाळू व ताग यांची आहे. माजगाव येथे गावच्या सीमेवरील ज्या पाषाणास लोक पूर्वीपासून मारुती मानून पूजीत होते, त्यावरच समर्थांनी मूर्ती घडवून घेतली. राजाश्रय नाही, द्रव्य नाही, म्हणून काही अडले नाही. गावात जे साहित्य उपलब्ध होते त्यातूनच गावचा देव उभा राहिला आणि त्यामुळे तो गावास आपला वाटला.

महाराष्ट्राची शौर्यपरंपरा समर्थांपासूनच सुरू झाली, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. जेजुरीचा खंडेराया व तुळजापूरची भवानी ही शस्त्रधारी दैवते पूर्वीपासूनच घराघरांत पूजिली जात. दसऱ्याचे शस्त्रपूजन, देशमुखांची पथके, मावळच्या डोंगरदऱ्यांत वाढलेला काटक शेतकरी ही सर्व सामग्री येथे होतीच. तथापि, ज्या हातांत बळ होते ते पुष्कळदा परक्या दरबाराच्या चाकरीत किंवा वतनाच्या भाऊबंदकीत खर्ची पडत होते. समर्थांचे कार्य विशेष ठरते ते येथेच. बळ कशासाठी, याचे उत्तर त्यांनी मारुतीच्या रूपाने गावापुढे ठेविले.

चाफळची दोन रूपे

चाफळ येथे सन १६४८ मध्ये समर्थांनी श्रीरामाची स्थापना करून रामनवमीचा उत्सव सुरू केला. तेथे राममंदिरासमोर दासमारुती आहे. तो हात जोडून, नम्रपणे प्रभूकडे पाहत उभा आहे. मंदिराच्या मागील बाजूस प्रतापमारुती आहे. त्याच्या मस्तकावर पुच्छ उभारलेले असून पायाखाली राक्षस आहे. ही दोन्ही रूपे एकाच देवाची आहेत. समर्थांच्या बलोपासनेचे सार या रचनेत सामावलेले आहे. जो प्रथम हात जोडण्यास शिकला, त्यालाच हात उगारण्याचा अधिकार. दास्याविना आलेले बळ उन्मत्त होते आणि ज्या जुलमाचा प्रतिकार करावयाचा, त्याच जुलमाचे रूप घेते. उलटपक्षी, बळाविना केलेली भक्ती संकटकाळी दुर्बलांच्या उपयोगी पडत नाही. म्हणून चाफळास येणाऱ्या भाविकांनी दोन्ही मारुतींचे दर्शन घेतल्याखेरीज परत जाऊ नये.

ग्रंथ, मठ व शिष्य

समर्थांनी शिवथरघळीत दासबोधाची रचना केली, असे संप्रदाय मानतो. वीस दशक व दोनशे समास असलेल्या या ग्रंथात परमार्थाबरोबरच प्रपंच, राजकारण, लेखन, सावधपणा व प्रयत्न यांचेही विवेचन आहे. त्यांचे मारुतिस्तोत्र आजही घरोघरी लहान मुलांस प्रथम शिकविले जाते. कल्याणस्वामी, उद्धवस्वामी यांसारख्या शिष्यांनी ठिकठिकाणी मठ चालविले. वेणाबाई व अक्काबाई या स्त्रियांवरही समर्थांनी मोठी जबाबदारी सोपविली होती. वेणाबाईंनी मिरजेचा मठ सांभाळला.

शिवछत्रपती व सज्जनगड

छत्रपती शिवाजी महाराज व समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संप्रदायाची परंपरा ही भेट सन १६४९ मध्ये शिंगणवाडी येथे झाल्याचे मानते. स्वराज्याची स्थापना हे महाराजांचे, जिजाऊसाहेबांचे आणि मावळ्यांचे स्वतंत्र कर्तृत्व होय आणि त्यास कोणाच्याही नावाने उणेपणा आणणे समर्थांनाही रुचले नसते. चाफळ देवस्थानासाठी दिलेल्या सन १६७८ च्या सनदेवरून मात्र महाराजांच्या मनातील समर्थांविषयीचा आदर स्पष्ट होतो. सन १६७३ मध्ये परळीचा किल्ला स्वराज्यात आला. पुढे समर्थ तेथे वास्तव्यास गेले व तो सज्जनगड म्हणून प्रसिद्धीस आला. शके १६०३, माघ वद्य नवमीस (सन १६८२) समर्थांनी तेथेच देह ठेविला. त्यांच्या समाधीवर छत्रपती संभाजी महाराजांनी राममंदिर बांधविले.

यानंतर या परंपरेची खरी कसोटी लागली. सन १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने सातारा व पाठोपाठ सज्जनगड जिंकून घेतला. या धामधुमीत अक्काबाईंनी गडावरील मूर्ती वासोट्यास सुरक्षित नेल्या, असे संप्रदायात सांगितले जाते. शस्त्र न घेताही पराक्रम कसा घडतो, याचा हा आदर्श होय.

परंपरेचा वारसा

विसाव्या शतकात याच परिसरातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. शहापूर व मसूर ज्या कऱ्हाड तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी सन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तालमीच्या मातीशी या खोऱ्याचे नाते किती जुने व किती जिवंत आहे, याची यावरून कल्पना येते.

चाफळ येथे रामनवमी, अकराही ठाण्यांवर हनुमान जयंती आणि सज्जनगडावर दासनवमी हे उत्सव दरवर्षी साजरे होतात. भाविकांनी आपल्या मुलांसह या स्थानांचे दर्शन घ्यावे आणि परतल्यावर आपल्या गावच्या मारुतीपुढे रोज किमान बारा सूर्यनमस्कार घालण्याचा नेम धरावा. समर्थांच्या चरणी अर्पण करण्यास याहून उचित सेवा नाही.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥