जॅक्सन यांचा पराभव आणि एका पक्षाचा जन्म

अँड्र्यू जॅक्सन यांच्या राजकारणाचा पाया एका पराभवाने घातला. १७६७ मध्ये जन्मलेला, चौदाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा टेनेसीत वकील झाला आणि १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे इंग्रजांना हरवून राष्ट्रनायक ठरला. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत चार उमेदवारांत सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते त्यांना मिळाली. बहुमतासाठी १३१ हवी होती. राज्यघटनेनुसार निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. अशा वेळी तेथे सदस्यांची नव्हे, राज्यांची मते मोजली जातात. राज्य लहान असो वा मोठे, मत एकच. २४ पैकी १३ राज्यांनी जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले. त्यांना पाठिंबा देणारे सभापती हेन्री क्ले पुढे परराष्ट्रमंत्री झाले. सौद्याचा पुरावा कधीच सापडला नाही. जॅक्सन यांच्या समर्थकांना त्याची गरजही भासली नाही.

त्या संतापातून, मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या संघटनकौशल्याने, डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. १८२८ मध्ये जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतांनी विजयी झाले. सरकारी पदे समर्थकांना वाटण्याची रीत त्यांनी उघडपणे चालविली. मात्र ज्या जनतेच्या नावाने हे राज्य चालले, तिच्यात मूळ रहिवाशांना स्थान नव्हते. १८३० च्या कायद्याने त्यांना मिसिसिपीपलीकडे हुसकावण्यात आले. स्वतः जॅक्सन गुलामांचे मालक होते.

निर्वाचकांची मध्यस्थी संपवावी, ही मागणी त्यांनी १८२९ च्या पहिल्याच वार्षिक संदेशात काँग्रेसपुढे ठेवली आणि नंतरही लावून धरली. घटनादुरुस्ती काही झाली नाही. १८३७ मध्ये व्हॅन ब्यूरेन यांच्याकडे सूत्रे सोपवून ते नॅशव्हिलजवळच्या आपल्या मळ्यावर परतले. तेथेच ८ जून १८४५ रोजी त्यांचे निधन झाले.