नानांच्या हिशेबातली शिवनेरी

बँकेच्या नोकरीतली काही वर्षं मी जुन्नर-आंबेगावकडे काढली. सुटीच्या दिवशी घोडेगाव, डिंभे करीत भीमाशंकरला जायचं, हा ठरलेला परिपाठ. तिथलं शिखर नाना फडणिसांनी बांधवलं, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. फडणीस म्हणजे हिशेबाचा माणूस, आमच्याच बिरादरीतला!

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ चा. पानिपतावर त्यांना एकोणिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जीव वाचला, आई मात्र त्या पळापळीत कायमची दुरावली. तलवार आपल्या हातची नव्हे, हे नानांनी तेव्हाच ओळखलं असावं. पुढे ते लढले ते खलित्यांनी आणि वकिलांच्या बातमीपत्रांनी. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज नमले, पण केलेला करार त्यांनी पुढे झुगारला. तेव्हा नानांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना एका फळीत आणलं. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली ही मंडळी! फळी लवकरच खिळखिळी झाली, पण काम करून गेली. १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह घडवला आणि इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला. नानांनी त्याला मंजुरी दिली ती डिसेंबरात, हैदर वारल्यावर.

एवढा सावध माणूस चुकला तो घरच्या खात्यात. दादा १७८३ मध्ये वारले, तरी त्यांच्या मुलांची नजरकैद सुटली नाही. १७९४ मध्ये त्यांना जुन्नरच्या शिवनेरीवर आणलं. बाजीराव तेव्हा १९ वर्षांचा, म्हणजे पानिपतावरच्या नानांएवढाच. सवाई माधवरावांचा तो नात्याने चुलता, वयाने जोडीचा. दोघांत चोरून पत्रं सुरू झाली. ती पकडली गेली आणि पहारा आणखी कडक झाला. नारायणरावांचा खून पाहिलेल्या नानांना दादांच्या रक्ताची भीती वाटली, हे मी समजू शकतो. पण परक्या दरबारांची मनं वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्याने जुन्नरच्या गडावरचं हे एक मन एकदाही चाचपू नये?

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. पुढच्याच वर्षी नानांना परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीवर पाठवावं लागलं, बाजीरावाला सन्मानाने आणायला. त्याने म्हणे भाऊंना गाईचं शेपूट धरून शपथ घ्यायला लावली, मगच तो गड उतरला. १७९७ सरता सरता दौलतराव शिंद्यांनी नानांना पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. सुटून ते पुन्हा कारभारात आले, पण जुना धाक उरला नव्हता. १३ मार्च १८०० ला ते वारले. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज पदरी घेतली.